बर्डीची घराकडची बाजू

मंगळवारी साडेअकराच्या सुमाराला चाक मधेच थांबलं. थांबायचं काही कारण नव्हतं. उतारावरून ते चांगलं सुटलं होतं, खालच्या सपाटीवरून घरंगळत समोरच्या चढाला लागलं होतं. आता माथा ओलांडणार, तेवढ्यात माथ्याच्या जरा अलीकडं एका खोलगट जागी ते शिरलं, दोनदा मागंपुढं झुललं आणि बसून राहिलं. नूतननं बटणांवरची बोटं उचलली. हितेंद्र तिच्या खुर्चीमागं उभा राहून बघत होता. वयानं तो तिच्याहून आठ वर्षांनी लहान, पण कंपनी त्याची. जळगावात, कापडाच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, पाच माणसांची. मोबाइलवरचे लहान मुलांचे खेळ ते बनवत. ह्या खेळात माणूस असा नव्हताच. सायकलचं एक जुनं चाक आणि जमीन, बस. चाक न पाडता जमिनीच्या शेवटापर्यंत न्यायचं. त्यामुळं जमीन हाच सगळा खेळ होता, आणि जमीन करणं हे नूतनचं काम. "ताई, इथं पोरं अडकतील," हितेंद्र म्हणाला. "हा खळगा भरून टाका." मग जरा वाकून त्यानं पुन्हा बघितलं. "तुमच्या बाकीच्या टेकड्या टेकड्यांसारख्या आहेत. ही कुठलीतरी आहे. कुठली आहे ही?" "कुठलीच नाही," नूतन म्हणाली. "काढली अशीच." तो चहा सांगायला खाली गेला आणि ती पडद्याकडं बघत राहिली. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं, की आपण खोटं बोललो. बोलताना ते खोटं आहे हे तिलाही माहीत नव्हतं.

ती टेकडी करायला तिला सोमवारची दुपार लागली होती, तीही पुरती नाही. काम तसं सोपं असतं. पडद्यावर बिंदू टाकत जायचे. एका बिंदूतून दुसऱ्यात रेघ आपोआप जाते. प्रत्येक बिंदूला दोन बारीक दांड्या असतात, त्या ओढल्या की रेघ वाकते, फुगते, खचते. रेघ मनासारखी झाली की तिच्या काठानं गवताची पट्टी चिकटवायची. चढ फार उभा झाला की तिथं गवताऐवजी खडकाची पट्टी आपली आपण येते, तसं आधीच सांगून ठेवलेलं असतं. आणि मग रेघेच्या पोटात माती भरायची. माती म्हणजे हातभर मातीचं एक चौकोनी चित्र, फरशीसारखं शेजारीशेजारी लावत गेलेलं. ह्या खेळासाठी तिनं आजवर चाळीस टेकड्या केल्या होत्या. हात चालत असतो, डोकं दुसरीकडं असतं. कालही ते दुसरीकडंच होतं. नवीनला, नवऱ्याला, रात्री काय भाजी करायची असं काहीतरी ती मनात विचारत होती. आणि हातानं मात्र डावीकडून एक लांब, आळसावलेला चढ काढला होता, माथ्याच्या खाली एक खळगा ठेवला होता, मग बोडका माथा आणि उजवीकडं एकदम तुटलेला कडा. तिनं पडद्यावर बोट ठेवलं आणि चढावरून वर नेलं. खळग्यात बोट गेलं तेव्हा तिला भाजलेल्या शेंगांचा वास आला. खरंच आला. त्या खळग्यात दोन लहान पोरं मावत आणि घरून कुणाला दिसत नसत. शिंदखेड्याच्या पुढं आडबाजूला असलेलं तिचं गाव, गावाच्या मावळतीला त्यांचं शेत, आणि शेताच्या टोकाला ही. गावात टेकडीला बर्डी म्हणतात. हिच्यावर झाड नव्हतं म्हणून ही बोडकी बर्डी. नुसती बोडकी.

घराच्या दारातून बोडकी मावळतीला दिसायची. नूतनची लहानपणची सगळी बर्डी ही संध्याकाळची बर्डी होती. मागं तांबडं आभाळ आणि पुढं काळी, सपाट, कागदातून कापून काढल्यासारखी. बर्डीला पोट असेल, पाठ असेल, असं तिला कधी वाटलंच नव्हतं. माय मात्र तिला बाईमाणसासारखी धरून बोलायची. "ऊन बोडकीनी मांडीवर उनं, पोरी, पापड उचल." उनं म्हणजे आलं. लांबचा चढ ती मांडी, खळगा ती काख, कडा ती पाठ. घड्याळ घरात होतं, पण ते माय बघत नसे. भावाला शाळेतून यायला उशीर झाला की माय दारात उभी राही आणि सूर्य काखेतून माथ्याकडं सरकताना बघत राही, आणि तो टेकला की म्हणे, "आते देखस मी त्याले." भाऊ म्हणजे चुडामण, नूतनपेक्षा पाच वर्षांनी मोठा. तिनं त्याला नावानं कधी हाक मारली नाही, भाऊ म्हणूनच. तो बहुतेक शाळेतून नव्हे, बर्डीच्या पलीकडून यायचा, बकऱ्या घेऊन, पायाला धूळ आणि खिशात शेंगा. त्याच शेंगा खळग्यात बसून खायच्या असत. वर नेताना तो तिला पुढं घालायचा आणि स्वतः मागं राहायचा, ती घसरली तर त्याच्यावर यावी म्हणून. हे तिला तेव्हा कळलं नव्हतं. तेव्हा तिला वाटे, आपण पुढं आहोत, म्हणजे आपण जिंकतो आहोत. आता, जळगावातल्या तिसऱ्या मजल्यावर, पंख्याच्या घरघरीत, छत्तिसाव्या वर्षी ते अचानक कळलं, आणि कुणालातरी लगेच सांगावंसं वाटलं. म्हणून तिनं फोन लावला.

भाऊ मशीनवर होता. माती काढायचं पिवळं मशीन त्यानं दहा वर्षांपूर्वी घेतलं होतं. शेती आणि मशीन, दोन्ही तोच बघायचा. फोनमध्ये इंजिनाचा आवाज आधी आला, मग तो कमी झाला. "बोल नुती. बरं शे ना बठ्ठं?" सगळं बरं आहे ना, हे तो नेहमी आधी विचारी. तिनं हसत हसत सांगितलं, की मी इथं कॉम्प्युटरवर आपली बोडकी काढली, मलाच कळलं नाही, हाताला पाठ होती. पलीकडं इंजिन बंद झालं. तिला वाटलं फोन कटला. "हॅलो?" "शे, शे," भाऊ म्हणाला. "ती आते नही शे, नुती." "काय नाही?" "बर्डी. सपाट करी टाकी. दोन वरीस व्हई गयात." "कोणी केली?" ती म्हणाली. तेवढ्यात हितेंद्र चहा घेऊन आला, त्यानं कप तिच्यासमोर ठेवला, साखर कमी आहे अशी काहीतरी खूण केली. "मीच करी," भाऊ म्हणाला.

त्यानंतरचे तीन दिवस नूतन जमिनीच करत होती. बेचाळिसावी, त्रेचाळिसावी. नव्या टेकड्या नीट झाल्या, चाक कुठंही न अडकता त्यांच्यावरून गेलं. बोडकी तिनं वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवली. खळगा भरला नाही आणि हितेंद्रला भरला म्हणूनही सांगितलं नाही. तिला राग आला होता, पण तो राग धरायला जागा मिळत नव्हती. आपल्याला विचारलं नाही, हा एक राग. तो घेऊन ती पोळ्या लाटायला लागली की दोन पोळ्यांत तो विरघळायचा, कारण मागोमाग दुसरं यायचं: आपण तरी कधी विचारलं? माय गेली त्याला तीन वर्षं झाली. तेराव्याला ती गावाला गेली होती, तेव्हा संध्याकाळी दारात बसली होती, आणि बोडकी होती. त्यानंतर नाही गेली. पहिल्या आखाजीला, लेकी माहेरी येतात त्या सणाला, भाऊनं फोन केला, गाडी घेऊन येतो म्हणाला. तिनं काम आहे म्हणून सांगितलं. काम खरंच होतं. तेव्हा ते पुण्यात होते. दुसऱ्या आखाजीलाही काम होतं. मग नवीनची बदली जळगावला झाली आणि गाव तीन तासांवर आलं, आणि मग तर न जाण्याला कारणही लागेना. आज जाऊ, उद्या जाऊ. दारात माय नसलेलं ते घर तिला बघायचं नव्हतं, हे खरं. पण ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, भाऊला तर नाहीच, त्यामुळं भाऊच्या बाजूनं बघितलं तर एवढंच दिसत असणार, की बहिणीला काम फार असतं. तो दर महिन्याला फोन करायचा. तब्येत, पाऊस, वहिनीची पाठदुखी. त्या सगळ्या फोनांमधून दोन वर्षं एक अख्खी बर्डी नाहीशी झालेली होती आणि तिच्या कानाला काही लागलं नव्हतं. एकदा त्याच्या बोलण्यात मागं इंजिनाचा आवाज फार होता आणि ती म्हणाली होती, भाऊ, काम झाल्यावर कर ना. तो त्याच दिवसांतला फोन असेल का?

शनिवारी भाऊ जळगावला आला. मशीनच्या बकेटचे दात झिजले होते, नवे घ्यायचे होते. त्या दिवशी ऑफिस अर्ध्या दिवसाचं असतं, दुपारी सगळे गेलेले असतात; तिनं त्याला तिथंच बोलावलं. जिना चढून तो आला तेव्हा त्याच्या एका हातात तेलकट गोणपाट होतं, दुसऱ्या हातात कापडात बांधलेला डबा. "दीपमालानं देल शे. कळणानी भाकर." दीपमाला म्हणजे वहिनी, आणि कळणा म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ. त्यानं आजूबाजूला बघितलं, पाच टेबलं, दहा पडदे, आणि खुर्चीवर बसायच्या आधी हातानं खुर्ची झटकली, तिच्यावर धूळ नव्हती तरी. त्याचे केस कानांजवळ पांढरे झाले होते. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आला होता, दहा वर्षं मशीनचे दांडे ओढून. गावाबाहेर आला की भाऊ अर्धी अहिराणी अर्धी मराठी बोलायचा, आणि त्यातल्या त्यात मोठ्यानं. आज तो हळू बोलत होता. "दाव," तो म्हणाला. "काय काढेल शे ते दाव."

तिनं फाइल उघडली. पडद्यावर बोडकी आली. डावीकडून मांडी, काख, माथा, उजवीकडं कडा. भाऊ पुढं झुकला. बराच वेळ बघत राहिला. तिला वाटलं त्याचे डोळे भरून येतील, आणि तिनं मनाची तयारीही केली, पण तो म्हणाला, "उलटी शे."

"काय?"

"उलटी काढेल शे तू. कडा डावीकडं व्हता."

"भाऊ, कडा उजवीकडं होता. मी रोज बघायचे."

"अन मी काय करत व्हतो? रोज तिनाच पायथ्याशी बकऱ्या चारत व्हतो ना मी. सकायले ऊन तिना मांगून वर ये. कडा डावीकडं."

दोघांनाही समोरच्याची दया येत होती. भाऊला वाटत असावं, शहरात राहून पोरीला बर्डीही आठवेना. तिला वाटलं, मशीन घालून ह्यानं बर्डीबरोबर तिची आठवणही उपसून टाकली. मग भाऊ उठला. टेबलाला वळसा घालून तो मागं गेला आणि पडद्याच्या पाठीमागं उभा राहिला, तिथं वायरी होत्या आणि भिंत होती. तिथून त्यानं बघितलं, काळ्या प्लास्टिकच्या पाठीकडं, हात कमरेवर ठेवून, शेताच्या बांधावर उभं राहावं तसा. "मी इकडं व्हतो," तो म्हणाला. "तू तिकडं. घरकडे." नूतनला हसू आलं. सगळं लहानपण एकाच बर्डीच्या दोन बाजूंना दोघं होती. तिची बर्डी संध्याकाळची, ह्याची सकाळची. ती दारात बसून ज्या काळ्या कागदाकडं बघायची, त्याच्यामागं ऊन कलल्यावर तो बकऱ्या गोळा करत असायचा, आणि माय म्हणायची, आते देखस मी त्याले.

"मग तिकडची बाजू पण दाव ना," भाऊ परत खुर्चीवर येत म्हणाला. "फिरव हिले." तिनं सांगितलं, की ही फिरत नाही. हिला दुसरी बाजू नाही. ह्या खेळात लांबी असते, उंची असते, बस. "शेवटल्या दिवशी तशीच व्हती ती," तो म्हणाला.

आणि मग त्यानं सांगितलं. विचारल्याशिवाय, पडद्याकडं बघत, मधे मधे डब्याची गाठ सोडत आणि पुन्हा बांधत. बर्डीची घराकडची अर्धी बाजू आपली होती आणि पलीकडची अर्धी गिरधरनानांची. नानांना तिथं सपाट रान पाहिजे होतं, कापसाला. त्यांची बाजू कापली असती तर आपली बाजू पावसाळ्यात आपोआप खाली आली असती, घराच्या दिशेनं. नाना म्हणाले, दोंडाईच्याहून मोठं मशीन आणतो, चार दिवसांत साफ. "मी सांगं, नाना, दुसऱ्याचं मशीन नका आणू. मी करतो. मले अकरा दिवस लागले." का, ते तिनं विचारलं नाही. तो म्हणाला, की त्यानं पलीकडून सुरुवात केली. पाठीमागून खात खात आला. घराच्या बाजूला धक्का लावला नाही. दारातून बघितलं तर बर्डी जशीच्या तशी दिसायची, मांडी, काख, माथा. पाठीमागं मात्र काही नव्हतं, नुसती भिंत राहिली होती, बैलगाडीएवढ्या जाडीची. दहाव्या दिवशी संध्याकाळी तो मशीनवरून उतरून घरी आला आणि दारात बसला. सूर्य तिच्यामागं गेला. ती होती तश्शी काळी दिसली. "दीपमाला म्हणे, राहू द्या ना एवढी. पण एवढी कशी ऱ्हाई? पह्यल्या पाण्यात पडती. कोणाच्या तरी आंगावर पडती." अकराव्या दिवशी सकाळी त्यानं तीही पाडली. "काख शेवटी पाडी," तो म्हणाला. "तुले फोन लावला व्हता दहाव्या दिवशी. तू म्हने, काम झाल्यावर कर."

नूतननं काही बोलावं असं त्याला वाटत नव्हतं, हे त्याच्या बसण्यावरून कळत होतं. तरी ती म्हणाली, "भाऊ, मला तेव्हा सांगितलं असतंस तर—" आणि थांबली. तर काय केलं असतं? आलो असतो? दारात बसलो असतो? माय नसलेल्या दारात बसायचं नाही म्हणून तर आपण तीन वर्षं पाऊल टाकलं नाही. "मी आले नसते," ती म्हणाली. हे बोलायला तिला फार जड गेलं. भाऊनं मान हलवली. "माहीत व्हतं," तो म्हणाला, "म्हणून पुन्हा नही लावला," आणि डबा उघडला. ठेच्याचा वास दहा पडद्यांवर पसरला. भाकरीचा तुकडा मोडून त्यानं आधी तिला दिला, लहानपणी शेंगा द्यायचा तसा, बघायचंसुद्धा नाही, नुसता हात लांब करायचा.

जेवण झाल्यावर त्यानं विचारलं, हे बदलता येतं का? तिनं त्याला बिंदू दाखवले, दांड्या दाखवल्या. माउस त्याच्या पंज्यात हरवून गेला. आधी तो फार जोरानं ओढायचा आणि बर्डी आभाळात जायची. पण पाच मिनिटांत त्याचा हात बसला. दांडा किती ओढला की बकेट किती झुकतं, हे ज्या हाताला माहीत होतं त्या हाताला हे नवीन नव्हतं. घराकडची बाजूच करायची, हे त्यानंच ठरवून टाकलं. "आठे फुगवटा व्हता. पावसानं धुयेल, पण व्हता." त्यानं मांडीवर एक बिंदू टाकला आणि हलकेच वर घेतला. आणि नूतनला तो फुगवटा आठवला, म्हणजे आठवला की तिला आत्ता दिसला म्हणून आठवल्यासारखं वाटलं, कोण जाणे. काखेचा खळगा त्यानं आणखी खोल केला. "दोघं बसाले एवढा तरी पाहिजे." तिनं चाक सोडून दाखवलं. चाक चढलं, खळग्यात जाऊन बसलं. हितेंद्र म्हणतो हा भरून टाका, तिनं सांगितलं. भाऊनं बटणं मागून घेतली. त्यानं चाक खळग्यातून मागं सोडलं, थेट मांडीच्या पायथ्यापर्यंत, तिथून आणखी मागच्या उतारावर, सुरुवातीच्या जागेच्याही वर चढवलं आणि मग सुटू दिलं. चाक जोरात आलं, खळग्यातून उसळून माथ्यावर गेलं आणि कड्यावरून पलीकडं उभंच उतरलं. "मांगं गयाशिवाय कसं निंघी?" भाऊ म्हणाला, जणू हे सगळ्यांना माहीत असतं. सोमवारी हितेंद्रला हे असंच करून दाखवायचं, नूतननं ठरवलं.

मग तो पुन्हा पडद्याजवळ गेला आणि बर्डीच्या पोटावर बोट ठेवलं. "ही माती कोठली?" नेटवरून घेतलेली, ती म्हणाली. लाल माती, तयार मिळते. "हाऊ दगड देख," भाऊ म्हणाला. "आठे शे. पुन्हा आठे शे. अन हाऊ बी तोच." त्यानं एकच दगड सात ठिकाणी दाखवला. मातीचं चौकोनी चित्र पुन्हा पुन्हा लावलेलं होतं, त्याची सांधणी नीट होती, पण दगड ओळखू येत होता. हितेंद्रला आणि तिला स्वतःलाही तो कधी दिसला नव्हता. "आपला मुरूम पिवया व्हता," भाऊ म्हणाला. "मधे मधे पांढरे खडे. मुठीत दाबला तर फुटे नही, अन पानी पडलं का आखो घट्ट बसे." तसलं चित्र मला कुठं मिळणार, नूतन म्हणाली. खऱ्या मातीचा फोटो लागतो, वरून, सरळ, सावली नको, म्हणून भर दुपारचा. आणि ती माती तर आता राहिली नाही. कुठल्यातरी नाल्यात टाकली असेल ना? भाऊनं तिच्याकडं बघितलं. "तू उद्या मोकळी शे?" त्यानं विचारलं. रविवार होता. तिला काम नव्हतं. काम नाही, हे तिनं मोठ्यानं म्हटलं.

भाऊ रात्री तिच्याकडंच राहिला. सकाळी दोघं त्याच्या पिकअपमधून निघाली. नवीननं वाटेत खायला म्हणून चिवडा दिला. पारोळा गेलं, धुळं आलं. मागं हौद्यात बकेटचे दात खणखणत होते. धुळ्याच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेचणीला आलेला कापूस होता, आणि नूतन मनात घराची उजळणी करत होती: आधी ओटा येईल, मग दार, मग दाराची उजवी बाजू, जिथं माय टेकायची. तिनं एकेक जागा मनात रिकामी करून बघितली, आधीच, म्हणजे तिथं गेल्यावर धक्का नको. शिंदखेडा मागं पडलं. मोठ्या रस्त्यावरून गावाकडं वळायचा फाटा आला, तिथून गाव दीड किलोमीटर. हा तुकडा तिला नीट आठवत होता, काळ्या मातीची गाडीवाट, पावसाळ्यात पाय टाकला तर चप्पल आत राहायची. गाडी वळली आणि चाकांचा आवाज बदलला. घट्ट, खरखरीत. भाऊनं तीनशे-चारशे पावलं गेल्यावर मधेच गाडी थांबवली. गाव अजून पुढं होतं. बाभळी, एक विहीर, दोन्हीकडं रान.

"उतर," तो म्हणाला.

ती उतरली. ऊन बरोबर डोक्यावर होतं. खाली बघितलं तर रस्ता पिवळा होता. मधे मधे पांढरे खडे. फाट्यापासून गावाच्या पहिल्या घरापर्यंत सगळा तसाच, दबलेला, मुरलेला, गाडीची चाकोरी सोडली तर कुठंही न खचलेला.

"बठ्ठी आठेच शे," भाऊ म्हणाला. "एक पाटी बी कोठे दुसरीकडे जाऊ देल नही. नाना म्हने, इकून टाक. मी सांगं, नही, रस्ताले टाकाना शे." तो पायानं कडेचा एक खडा आत सारत होता. "मायले दवाखान्यात नेतांना गाडी आठेच फसेल व्हती. दीड तास."

हे तिला माहीत होतं. म्हणजे गाडी रुतली होती हे माहीत होतं, फोनवर ऐकलं होतं, पुण्यात, स्वयंपाकघरात उभं राहून. कुठं रुतली हे तिनं कधी विचारलं नव्हतं. ती जागा अशी असेल, बाभळीच्या दोन झाडांमधली, ऊन पडलेली, साधी, ह्याची तिला कल्पना नव्हती. दीड तास भाऊ इथं होता. चिखलात, गाडीखाली हात घालून. माय आत, मागच्या सीटवर, वहिनीच्या मांडीवर. मशीन दुसऱ्या गावाला कामावर होतं आणि ते आणायला जाऊन यायला तेवढाच वेळ लागला असता. जावं की ढकलावं, हे त्यानं इथंच उभं राहून ठरवलं असणार. आणि मग एक वर्षानं तो पाठीमागून बर्डी खात खात आला होता, आणि रोज संध्याकाळी ती उचलून इथं आणून घातली होती, अकरा दिवस. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, खाली आलेल्या उजव्या. तो सरकला नाही. "कर ना तुनं काम," थोड्या वेळानं तो म्हणाला. "ऊन सरकी जाई."

नूतननं फोन काढला आणि रस्त्याच्या मधोमध गुडघे टेकून बसली. मुरूम तापलेला होता, साडीतूनही लागत होता. हातभर जागा फुंकून साफ केली, फोन सरळ धरला, स्वतःची सावली बाजूला राहील अशी वळली. एक फोटो. दोन पावलं पुढं सरकून दुसरा. एकच दगड सात वेळा यायला नको, म्हणून तिला पुष्कळ फोटो पाहिजे होते. प्रत्येक ठिकाणी खडे वेगळे होते. एके ठिकाणी कुणाच्यातरी बैलाच्या खुराचा ठसा पक्का झाला होता, तोही तिनं घेतला. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला तेव्हा ती उठायला लागली, पण भाऊ आधीच रस्त्याच्या मधे गेला होता. दोन्ही हात आडवे पसरून तो उभा राहिला होता आणि मान वळवून तिला म्हणत होता, तू बस, तू कर.

कापसानं भरलेली ट्रॉली करकरत थांबली. ट्रॅक्टरवर ज्ञानेश्वर होता, गिरधरनानांचा मुलगा, नूतनच्या वर्गात होता. त्यानं रस्त्यात बसलेल्या बाईकडं बघितलं, ओळखायला त्याला जरा वेळ लागला.

"काय व्हयनं, चुडामणभाऊ?"

"काही नही. मनी बहीण फोटू काढी ऱ्हायनी."

"कसाना?"

"बर्डीना," भाऊ म्हणाला.

ज्ञानेश्वरनं मान वर करून मावळतीकडं बघितलं, शेताच्या टोकाला, जिथं आता नुसतं आभाळ होतं. मग त्यानं आपल्या पुढच्या चाकाखाली बघितलं. आणि इंजिन बंद केलं.